हवालदारामार्फत

“घरात ह्यांच्याशी रोज सगळ्यात जास्त कोण बोलतं?”

डॉक्टर सानिका नेर्लेकरांनी हा प्रश्न रक्तगट विचारावा इतक्या सहज विचारला. एरवी मला हसू फुटलं असतं. पण काचेपलीकडे हे पडले होते, डोक्याला राखाडी टोपी आणि तिच्यातून निघालेल्या वायरी. भिंतीवरच्या पडद्यावर कॅनडातली आमची गौतमी नाक पुसत बसली होती.

“मीच,” मी म्हणाले. “दुसरं आहे कोण घरात?”

गौतमीचा रुमाल नाकाशीच थांबला. पण पोरगी शहाणी, काही बोलली नाही. तिच्या आईबापांनी गेल्या आठ-नऊ वर्षांत एकमेकांशी एक अक्षर बोललेलं नाही, हे तिला सोडून कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडायला बोलावं लागतं. आमच्या गडहिंग्लजच्या घरात सगळं शिस्तीत चाललं होतं. हे, म्हणजे विलास कुराडे, विजेच्या उपकेंद्रातून निवृत्त झालेले ऑपरेटर. मी शैलजा, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. सकाळचा चहा वेळेवर, जेवण वेळेवर. लग्नकार्याला जोडीनं जायचो, फोटोत शेजारी उभे राहायचो. लोक म्हणायचे, कुराड्यांचं जोडपं किती शांत. मी मान डोलवायची.

अगदीच अडलं तर आमचा बोका होता. अबोला सुरू झाला त्याच सुमारास तो पिल्लू म्हणून आला. साऱ्या गल्लीत गस्त घालतो म्हणून ह्यांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं. मी ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “हवालदार, सांग तुझ्या मालकाला, दूध नासलंय.” बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं, “हवालदार, सांग, येतो घेऊन.” बोका दोघांच्या मध्ये बसून पंजा चाटत राहायचा. त्याच्यामार्फत आम्ही घराला रंग दिला, गौतमीचं लग्न केलं, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा उरकलं.

अबोल्याचं कारण म्हटलं तर एवढंसं आहे. आमच्या संस्थेची एक शाळा चंदगडला. तिथं मुख्याध्यापिका म्हणून मला पाठवायचं अध्यक्षांच्या मनात होतं. मला तिथं खोली घेऊन राहावं लागलं असतं, शनिवार-रविवार घरी. आता मुख्याध्यापिका मी होणार, तर मला विचारावं की नाही? पण अध्यक्षांना मिरचीच्या बाजारात हे भेटले. “बाईंना चंदगडला पाठवू म्हणतोय, जमंल न्हवं?” ह्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, “न्हाई जमायचं. घरी अडचण हुईल.” झालं. ती जागा दुसऱ्याच बाईंना गेली आणि मला कळलं ते त्यांच्या सत्काराला, हार घालायला उभी राहिले तेव्हा.

घरी येऊन मी विचारलं. हे म्हणाले, “विचारलं म्हणून सांगितलं. त्यात काय एवढं?”

त्या “त्यात काय एवढं”वर मी तोंड बंद केलं ते केलंच. वाटलं होतं, माणूस चार दिवसांत येईल आणि चुकलं म्हणेल. चार दिवस गेले, पावसाळा गेला, वर्ष गेलं. मग आता बोलायचं तरी कुठल्या शब्दापासून, तेच कळेनासं झालं. ह्यांचंही तसंच झालं असावं. असावं म्हणते, कारण विचारणार कोण?

आता त्या सकाळचं सांगायला हवं. हे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी चहा ठेवून आत आले. थोड्या वेळानं पाहिलं तर कप तसाच. “हवालदार, सांग, चहा निवला,” मी म्हणाले. उत्तर नाही. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. कधी कधी ते बोक्याशीही बोलत नसत, लहर असायची. मी भाजी निवडली, आंघोळ केली, पूजा केली. दुसऱ्या कुठल्याही घरातली बायको एव्हाना म्हणाली असती, अहो, बोलत का नाही? आमच्या घरात माणूस बोलेनासा झाला तरी घर नेहमीसारखंच दिसत होतं.

कळलं ते हवालदारामुळे. तो रोजच्यासारखा उडी मारून ह्यांच्या मांडीवर बसला आणि डोकं हातावर घासू लागला. हात उचलला गेला नाही. बोक्यानं पुन्हा डोकं घासलं. मग माझ्याकडे बघून असा ओरडला, की मी धावत बाहेर आले. ह्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा ओघळला होता. डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच लागलेले होते. किती वेळ लागलेले होते, कोण जाणे.

हल्ली रुग्णवाहिकेतच डोक्याचं चित्र निघतं. कोल्हापूरच्या इस्पितळात पोचायच्या आत डॉक्टरांना कळलं होतं, की डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बुजलीय आणि वेळ बराच गेलाय. पूर्वीचा काळ असता तर हात जोडून परत पाठवलं असतं. पण आता सुप्ती होती.

सुप्ती म्हणजे काय ते डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी मात्र ते मनातल्या मनात ह्यांच्या उपकेंद्राच्या भाषेत लावून घेतलं. अबोल्याआधी हे घरी येऊन तेवढंच बोलायचे, त्यामुळे फीडर आणि ट्रिप मला पाठ.

मेंदूची एक वाहिनी बुजली, की मधोमधच्या पेशी काही मिनिटांत जातात. त्या जळालेल्या तारा, त्यांचं काही होत नाही. पण त्यांच्याभोवती मोठा पट्टा असा असतो, की तिथं शेजारच्या वाहिन्यांतून थोडं थोडं रक्त झिरपत असतं. पेशी जिवंत राहण्यापुरतं पुरतं, काम करण्यापुरतं नाही. व्होल्टेज उतरल्यावर जुन्या बल्बची तार नुसती लाल होते आणि उजेड पडत नाही, तसं. माणूस बोलत नाही, हात हलवत नाही, पण त्या पेशी मेलेल्या नसतात.

त्यांना मारतात त्या शेजारणी. मेंदूच्या पेशीला आतलं मीठ बाहेर उपसणारे पंप सतत चालवावे लागतात. साखर आणि प्राणवायू तुटला, की पंप बंद पडतात, मीठ आणि पाणी आत घुसतं, पेशी फुगते. मरता मरता ती ग्लूटामेट नावाचं रसायन भडाभडा ओतते. एरवी हेच रसायन चिमूटभर वापरून पेशी एकमेकींशी बोलतात. आता ते लोंढ्यानं आलं, की शेजारच्या पेशीची दारं सताड उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीचं वीजघर आतून जळू लागतं. ती ओरडते, तिची शेजारीण ओरडते. या ओरडण्याच्या लाटा पुन्हा पुन्हा उठतात आणि प्रत्येक लाट लाल तारेच्या पट्ट्याचा थोडा थोडा भाग खाऊन टाकते. म्हणजे अर्ध्याअधिक पेशी रक्तावाचून नाही, गलक्यानं मरतात.

बर्फाळ मुलखात एक खार असते. ती हिवाळाभर झोपते तेव्हा तिच्या मेंदूला रक्त मिळतं ते नावापुरतं, आणि तरी वसंतात ती ठणठणीत उठते. कारण झोपताना तिच्या पेशी बोलणंच बंद करतात. एकमेकींना धरलेली हजारो बोटं आत ओढून घेतात आणि मुटकुळं करून पडून राहतात. सुप्तीचं औषध नळीतून त्या पट्ट्यात सोडतात आणि माणसाच्या पेशींना खारीची झोप देतात. गुठळी काढली, सूज उतरली, नव्या बारीक वाहिन्या फुटल्या, की मग जागवायचं. तेही एकदम नाही, नाहीतर रक्ताच्या लोंढ्यानंच पुन्हा जाळ होतो. एकेक भाग जागवायचा. हे म्हणायचे ना, सप्लाय आला म्हणून सगळे फीडर, म्हणजे गावोगावच्या लाइनी, एकदम चालू करायचे नसतात, तेच.

“आणि इथं तुमचं काम,” डॉक्टर म्हणाल्या. “पेशी जाग्या झाल्या, की आत ओढलेली बोटं पुन्हा फुटतात. पण कुणाला धरायचं? जुनी खूण थोडी असते, थोडी नसते. त्या वेळी आसपास जे चालू असेल, तिकडे ती बोटं वळतात. म्हणून ओळखीचा आवाज लागतो, ओळखीचा हात. दिवसभर तुमच्या संसाराचं बोलायचं.”

“रेकॉर्ड लावून नाही चालत?”

“करून पाहिलं. रेकॉर्ड थांबत नाही. त्यांची पापणी हलली, बोट हललं, की तुम्ही थांबणार, पुन्हा विचारणार. त्या देण्याघेण्यावर पेशी जुळतात.” मग त्यांनी चष्मा काढला. “एक सांगते, मावशी. खरं तेच बोला. त्या दिवशी तुम्ही जे सांगाल ते त्यांचंच होऊन बसेल. नंतर ते आम्हाला वेगळं काढता येत नाही.”

याचे किस्से बाहेरच्या बाकावर ऐकायला मिळाले. एका भावानं जागवता जागवता वाटणीच सांगून टाकली, आता कज्जा चाललाय आणि शुद्धीवर आलेला म्हातारा शपथेवर म्हणतोय की बांधाकडचं रान मी धाकट्याला दिलंय. एका सुनेनं सासूला सांगितलं, तुम्हाला माझ्या हातची आमटी फार आवडते. सासू आता दोन वाट्या मागून घेते. बाकावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले.

जागवायच्या दिवशी मला ह्यांच्या उशापाशी बसवलं. त्यांचा डावा हात माझ्या हातात दिला. किती वर्षांनी तो हात धरला, ते आठवेना. पडद्यावर हिरव्या रेषा हलत होत्या. नर्स म्हणाली, “बोला की, मावशी.”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. घशापर्यंत “अहो” यायचं आणि तिथंच बसायचं. शाळेत पोरांच्या पन्नास तुकड्यांना ओरडून शिकवणारी मी, मला एक दोन अक्षरांचा शब्द उच्चारता येईना. मग मी कुणाशी नाहीच असं धरून खिडकीकडे बघत सुरुवात केली. लग्नाचं बोलले. काळभैरीच्या डोंगरावर ह्यांची चप्पल तुटली आणि नव्या नवरीसमोर अनवाणी नको म्हणून हे तसेच फरफटत चालले, ते बोलले. वादळात तारा पडल्या आणि तीन दिवस उपकेंद्रातच राहून हे घरी आले तेव्हा गौतमी त्यांना ओळखेना, ते बोलले. बोटं हलली. मी वळून बघितलं. “अहो,” मी म्हणाले. सहज म्हणाले.

आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. दुपार झाली तरी थांबले नाही. बोलता बोलता त्या वर्षाशी येऊन पोचले. मिरचीचा बाजार, अध्यक्ष, सत्काराचा हार. ह्यांचा हात माझ्या हातात मऊ, गरम होता. कपाळावर आठी नव्हती. मला त्या क्षणी इतकं वाटलं, इतकं वाटलं, की एवढा एक शब्द ह्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपण मरायचं नाही.

“संध्याकाळी तुम्ही घरी आलात,” मी म्हणाले, “माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, ‘शैलजा, माझं चुकलं. मी तुला आधी विचारायला हवं होतं.’”

ह्यांनी मला कधी शैलजा म्हटलेलं नाही. पण सांगायचंच तर कंजुषी कशाला?

पुढचं मग आपोआप येत गेलं. सगळी वर्षं मी बोलक्या संसारानं भरून काढली. रोज संध्याकाळी व्हरांड्यात आपण काय बोलतो, रंग कुठला द्यायचा यावर कसे वाद घालतो, माझा गुडघा दुखला तेव्हा तुम्ही काय काय म्हणालात. हवालदाराचं नावसुद्धा काढलं नाही. बोलत्या जोडप्याला बोका कशाला लागतो? संध्याकाळी डॉक्टर आल्या, रेषा बघितल्या आणि म्हणाल्या, “फार छान. कानाच्या वरचा एक छोटा भाग अजून सुजलाय, तेवढा झोपू दे. दीड-दोन महिन्यांनी बघू.”

ह्यांना घरी आणलं. काठी टेकत का होईना चालत आले. गल्ली लोटली. शेजारच्या आक्काताई म्हणाल्या, “काय गोड बोलालेत ओ भाऊजी! पूर्वी हूं का चूं न्हवतं.” आणि खरंच, हे बोलत होते. सावकाश, शब्द शोधत, पण माझ्याकडे बघून. दुसऱ्याच दिवशी चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, “शैलजा, माझं चुकलं. मी तुला आधी विचारायला हवं होतं.”

मी आत गेले आणि पदरात तोंड खुपसून रडले. लहान पोरीसारखी रडले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पुन्हा म्हटलं. त्याच शब्दांत, त्याच चढउतारानं. मग जेवताना एकदा. मग टीव्ही बघताना. कुठं बोलण्यात खंड पडला, की ते वाक्य यायचं. “आधी” या शब्दावर थोडा जोर. तो जोर कुणाचा, ते मला हळूहळू उमगलं. फळ्यावर व्याख्या सांगताना मी असाच जोर देते.

मग मी ऐकू लागले. ह्यांचं सगळंच बोलणं माझं होतं. “वादळात तारा पडल्या होत्या, गौतमी मला ओळखेना,” हे म्हणायचे, आणि त्यात वादळ मी बघितलं तसं होतं, घरातून. उपकेंद्रात त्या तीन दिवसांत काय झालं, मी विचारलं. हे माझ्याकडे बघत राहिले. “तू सांग ना,” म्हणाले. रंगाच्या वादाबद्दल विचारलं तर माझे मुद्दे आणि त्यांचे मुद्दे दोन्ही मी रचलेलेच परत आले. मी काहीही म्हटलं तरी हे म्हणायचे, “तुझं बरोबर आहे.” चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझं बरोबर आहे असं मिठाबद्दलसुद्धा म्हटलेलं नाही.

हवालदार पहिल्याच दिवशी मांडीवर चढला होता. ह्यांनी दचकून पाय झटकला. “कुणाचं मांजर?” म्हणाले. बोका खाली उतरला, थोडा वेळ पायरीवर बसला आणि मग कुंपणाच्या भिंतीवर जाऊन राहिला. दूध ठेवलं तरी आत येईना.

गौतमी मात्र खूश. “आई, बाबा माझ्याशी अर्धा तास बोलले! तुझं कौतुक करत होते.”

“काय म्हणाले?”

तिनं सांगितलं. ते वाक्य मी जागवायच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास खिडकीतल्या कबुतराकडे बघत म्हटलं होतं.

मला तेव्हा फार एकटं वाटलं. अबोल्यातही एकटं वाटायचं, पण तेव्हा भिंतीपलीकडे कुणीतरी होतं. रागावलेलं असेल, हेकट असेल, पण खोकायचं तेसुद्धा त्याच्या मनानं. आता घरभर बोलणं होतं आणि बोलणारी मी एकटीच होते. आपलाच आवाज पुरुषाच्या घशातून ऐकत चहा पिण्यासारखं दुसरं एकाकीपण नसेल.

मी एकटीच कोल्हापूरला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या पाणउतारा करतील. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला. “तुम्ही पहिल्या नाही, मावशी. शेवटच्याही नसाल.”

“त्यांचं स्वतःचं सगळं पुसलं गेलं का?”

“पुसलं नाही. तुम्ही सांगितलेल्या वाटा रुंद झाल्यात, जुन्या वाटांवर गवत माजलंय, असं समजा. झोपलेला तो शेवटचा भाग आहे ना, तो जागवताना खरं बोललात तर कदाचित जुन्या वाटा सापडतील. कदाचित. दोन्ही एकमेकांत अडकून बोलणंच जाईल, असंही होऊ शकतं. किंवा तुमच्यावर रागावलेला जुना माणूस परत येईल आणि तुमच्याशी बोलणार नाही. तो भाग नाही जागवला तरी चालतंय तसं चालेल. तुम्ही ठरवा.”

रात्री गौतमीला फोनवर सांगितलं तर ती वैतागली. “आई, राहू दे ना गं. किती वर्षांनी घरात बोलणं आलंय. तुला परत तो अबोला हवाय का?”

“मला तुझा बाप हवाय,” मी म्हणाले.

जागवायच्या दिवशी पुन्हा तीच खोली, तीच खुर्ची. ह्यांचा हात धरला. या वेळी काय बोलायचं, त्याची मी मनात पुष्कळ तयारी केली होती. पण खरं बोलायचं म्हटल्यावर कळलं, की खरं आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. आमचं जे काही खरं होतं ते एकाच वाटेनं जायचं. मी हात सोडला. खुर्ची जरा मागे घेतली आणि समोर बोका बसलाय असं धरून, ओट्यापाशी बोलते त्या आवाजात म्हणाले,

“हवालदार, सांग तुझ्या मालकाला, त्यांनी माफी मागितली नाही. कधीच नाही. ते मी रचलं.”

नर्स दचकून माझ्याकडे बघायला लागली. मी थांबले नाही. “सांग, व्हरांड्यात आम्ही बोलत नव्हतो. ते व्हरांड्यात बसायचे आणि मी आत. सांग, रंगाचं पिवळा का पांढरा ते तुझ्यामार्फत ठरलं. सांग त्यांना, दुखणं आलं त्या सकाळी ते बोलेनासे झाले आणि मला कळलं नाही, मी भाजी निवडत बसले. तुला कळलं. हे सांगायची मला लाज वाटते, म्हणून तू सांग. आणि सांग, मला अजून राग आहे. तो माझा आहे, मी तो सोडलेला नाही. पण चहाचा कप मी रोज ठेवत होते, तो रागानं नव्हे.”

ह्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळलं. डॉक्टर म्हणाल्या, त्या औषधानं तसं होतं.

घरी आलो आणि हे गप्प झाले. शैलजा नाही, चुकलं नाही, तुझं बरोबर आहे नाही. माझ्याकडे बघायचे आणि मान वळवायचे. बोलायचा प्रयत्न करतायत की टाळतायत, तेही कळेना. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, वाट बघा. आक्काताई येऊन हळूच म्हणाल्या, “काय ओ, परत बसलं व्हय तोंड?” मी चहा ठेवायची, कप कधी रिकामा मिळायचा, कधी तसाच. जे पणाला लावलं ते मी हरले, असं मी मनाशी धरलं. स्वयंपाक करायची, दोन ताटं वाढायची, एकटी जेवायची. रागावलेला असू दे, पण आत कुणी आहे का नाही, एवढंच मला कळायला हवं होतं.

एके दिवशी दुपारी हवालदार भिंतीवरून खाली आला. मी ओट्यापाशी डाळ निवडत होते, तिथून व्हरांडा दिसतो. तो पायरी चढला. खुर्चीपाशी जाऊन बसला, वर बघत. म्हातारा झालाय आता, उडी मारायला दोनदा अंग गोळा केलं, मग मारली.

ह्यांनी पाय झटकला नाही. उजवा हात, तो दुखरा, खुर्चीच्या दांडीवरून निसटला, थरथरला आणि सावकाश बोक्याच्या पाठीवर आला. कितीतरी वेळ तो तसाच होता. मग ह्यांचा आवाज आला, खरखरीत, अडखळत, माझा कुठंच नसलेला.

“हवालदार... सांग मास्तरणीला...”

मास्तरीण! अबोल्याआधी हे मला तेच म्हणायचे, चिडवायला. मी तो शब्द दोन्ही वेळा जागवताना चुकूनही उच्चारला नव्हता.

“सांग... चंदगडला जाऊन आलो हुतो मी. तिनं विचारलं... त्याच्या दुसऱ्या दिवशी. अध्यक्षांचं पाय धरलं. म्हणाले, आता झालं, दिली जागा.” बोका घुरघुरत होता. “खोली बी... बघून आलो हुतो. तिच्यासाठी. मग... कसं सांगायचं... राहूनच गेलं.”

हे मी सांगितलेलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं. ही सगळी वर्षं ते ह्या माणसाच्या डोक्यात एकटंच पडून होतं.

डाळीचं ताट मी खाली ठेवलं. बाहेर जावं, समोर बसावं, हात धरावा असं वाटलं. गेले नाही. ओट्यालाच धरून उभी राहिले, पदरानं डोळे पुसले आणि आवाज शक्य तेवढा नेहमीसारखा काढला.

“हवालदार, विचार तुझ्या मालकाला, खोलीला खिडकी होती का?”

ते शोधत होते. मी थांबले.

“हुती,” हे म्हणाले. “शाळेच्या बाजूला.”